गेटवर झालेली ॲडमिशन

जून उजाडला की आमच्या कंपनीच्या बसमधलं बोलणं बदलतं. एरवी आकुर्डीहून चाकणला निघालेली बस तळवड्याच्या चौकापर्यंत निम्मी झोपलेली असते आणि जागी असलेली निम्मी ओव्हरटाइमवर बोलत असते. जूनमध्ये कुणी झोपत नाही. खिशातून घडी घातलेले कागद निघतात, चष्मे निघतात, आणि स्वतःचा दहावीचा निकाल आयुष्यात कधी कुणाला न सांगितलेली माणसं दुसऱ्यांच्या पोरांचे पर्सेंटाइल तोंडपाठ म्हणून दाखवतात. आमच्या एका ऑपरेटरची मुलगी अजून बालवाडीत आहे. तोसुद्धा परवा "दुसऱ्या राउंडला जागा सुटतात का हो?" असं काळजीनं विचारत होता.

या वर्षी गायकवाडच्या मुलाची पाळी आहे. गायकवाड माझ्याच लाइनवर वेल्डिंगला असतो. त्यानं कॅन्टीनमध्ये पोह्यांच्या ताटलीशेजारी कागद पसरला आणि म्हणाला, "सूर्यवंशीभाऊ, तुमच्या मयूरीचं गेल्या वर्षी झालंय. एवढंच सांगा, फॉर्म पहिल्या दिवशी भरायचा का शेवटच्या? आणि चान्स वाढायला काय काय लागतं?"

मी चहाचा घोट घेतला. जाणकार माणसानं लगेच उत्तर देऊ नये, हे मी गेल्या वर्षी ज्या जाणकारांकडे गेलो त्यांच्याकडून शिकलोय. पण खरं सांगायचं तर मला हसू आलं. हेच दोन प्रश्न मी गेल्या जूनमध्ये गावभर विचारत फिरत होतो. उत्तरं प्रत्येकाची वेगळी, म्हणून शेवटी माझी मीच देत होतो, आणि ती सगळी चुकीची होती.

त्या दिवसांना एक वास होता. झेरॉक्सच्या दुकानातून नुकत्याच निघालेल्या गरम कागदाचा. आकुर्डी स्टेशनच्या रस्त्यावरचं झेरॉक्सचं दुकान म्हणजे त्या महिन्यात देवस्थानच. सकाळी शटर वर जायच्या आधी बाहेर आईबाप उभे, प्रत्येकाच्या बगलेत प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल. फाइल पारदर्शक असल्यामुळे दुसऱ्याच्या मुलाचे मार्क न विचारता कळायचे. मीही मान वाकडी करून बऱ्याच फायली वाचल्या. एकदा एका गृहस्थाची फाइल वाचता वाचता लक्षात आलं, तेही माझी वाचतायत. आम्ही दोघांनीही फायली उलट्या धरल्या आणि उकाडा किती वाढलाय यावर बोललो.

मयूरीचे फोटो मी चाळीस काढले. लागणार होते चार. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, मागचा पडदा पांढरा. मयूरीला हसू आवरेना. अठरा वर्षांची पोर, तिला गंभीर व्हा म्हटलं की जास्तच हसते. शेवटी मी म्हटलं, "कटऑफ आठव." लगेच फोटो निघाला. त्या फोटोत ती इतकी दुःखी दिसते की तिच्या आईनं तो पाहून मला विचारलं, "लेकराला मारलाव का काय?"

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी आयटीआय करून अठराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन इकडे आलो, दापोडीत सहा जणांत एक खोली करून राहिलो, मग चाकणच्या कंपनीत लागलो आणि तिथलाच झालो. माझं काम तपासणीचं. गाड्यांचे भाग तयार होऊन लाइनच्या शेवटी येतात, तिथं मी उभा असतो. माप बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल पेटीत. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगातली कुठलीही गोष्ट आपल्यासमोर ठेवली तर ती बरोबर की चूक हे आपण सांगू शकतो. घरी भाजीसुद्धा मी जरा वर धरून बघतो. बायकोनं त्यासाठी मला एकदा भाजी मंडईतून हाकलून दिलंय.

तेव्हा फॉर्म कधी भरायचा हा प्रश्न माझ्यासमोर आला, तो मी कंपनीच्या पद्धतीनंच सोडवला. आमच्याकडे माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक ट्रकला वेळ ठरवून दिलेली असते. उशीर झाला तर लाइन थांबते, म्हणून दंड. पण लवकर आला तरी त्याला आत घेत नाहीत. ठेवायला जागाच नसते. तो बिचारा बाहेर रस्त्याच्या कडेला ताटकळतो, चहा पितो, झोपतो, आणि आपल्या वेळेला शहाण्यासारखा आत येतो. लवकर येणं हाही आमच्याकडे दोषच. यावरून मी सिद्धांत काढला की लवकर भरलेला फॉर्म कॉम्प्युटरात खाली दबतो. वरून माल येत जातो, आपला तळाशी जातो. म्हणून शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात भरायचा. ताजा माल वर.

समोरच्या कदमवहिनींचं मत उलट होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, रांग ही रांग असते. पहिला गेला त्याला पहिलं." त्यांनी आपल्या मुलाचा फॉर्म पहिल्या दिवशी, साइट उघडायच्या आधीपासून कॉम्प्युटरसमोर बसून भरला होता आणि पेढेही त्याच दिवशी वाटले होते. कशाचे, हे आम्ही विचारलं नाही. माझ्या बायकोचं, सुनीताचं म्हणणं होतं की दिवस कुठलाही चालेल पण राहुकाळ नको आणि शनिवार तर नकोच नको. सायबर कॅफेवाला म्हणायचा, पहाटे सर्व्हर थंड असतो, तेव्हा दाबलेलं बटण पटकन आत जातं. प्रत्येकाकडे एकेक उदाहरण होतं. कुणाचा तरी पुतण्या, कुणाची तरी मेहुणी. उदाहरणातली माणसं नेहमी लांब नाशिकला वगैरे राहायची, त्यामुळे तपासता येत नव्हतं.

खरं काय ते एका बाईंनी सांगितलं. कागद तपासून घ्यायला मी मयूरीला घेऊन सुविधा केंद्रावर गेलो होतो. एका कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, पंखे गरगरत होते आणि सगळ्या आईबापांच्या फायली फडफडत होत्या. आमच्या टेबलावरच्या मॅडमनी डोमिसाइल पाहिलं, नॉन-क्रिमीलेअर पाहिलं, उत्पन्नाचा दाखला उजेडाकडे धरला. मी माझा ट्रकचा सिद्धांत त्यांना थोडक्यात सांगितला. थोडक्यात म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसानं दोनदा खाकरेपर्यंत.

मॅडमनी चष्मा काढला. "साहेब, मशीनला वेळ कळत नाही. तारखेच्या आत भरा, बस. गुणवत्ता यादी मार्कांवरच लागते. आता तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, कॉलेजांचा क्रम. मशीन वरून खाली वाचतं. पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज मिळालं तर तेच पक्कं, खालचं ते बघतसुद्धा नाही. म्हणून जे हवंय ते वर लिहा आणि जे नक्की मिळणार ते खाली. लोक भीतीपोटी उलटं करतात आणि मग आमच्यापुढे रडतात."

मी म्हटलं, "हो हो, बरोबर," आणि घाईनं विचारलं, "मॅडम, शाईचा रंग निळा चालेल का काळाच लागतो?" मयूरी फाइलीचं बटण लावत होती. एकदा लावलं, काढलं, परत लावलं. मान वर केली नाही तिनं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मॅडम म्हणाल्या तो नियम मला माहीत होता. माहितीपुस्तिका मी कंपनीच्या प्रिंटरवर छापून घेतली होती, सुपरवायझर जेवायला गेल्यावर. तो नियम एका पानावर ठळक अक्षरांत होता. ते पान मी गठ्ठ्यातून काढलं आणि माझ्या लॉकरमधल्या हेल्मेटखाली ठेवलं. मयूरीला बाकीची पुस्तिका दिली. पोरगी तीच पुस्तिका मोबाइलवर पहिल्या दिवशीच वाचून बसली असेल, हे तपासणी विभागातल्या या बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

पान का काढलं, तेही सांगतो. आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर एक कॉलेज आहे. गॅलरीतून त्याची पाण्याची टाकी दिसते. मयूरीला तिथं कॉम्प्युटर नक्की मिळत होतं. आणि मयूरीला हवं होतं मेकॅनिकल, तेही खंबाटकी घाटाच्या पलीकडच्या एका सरकारी कॉलेजात. मिळालं तर मिळालं, अशा काठावरचे तिचे मार्क होते. गेलीच तर चार वर्षं हॉस्टेल.

मेकॅनिकलचं खूळ तिच्या डोक्यात मीच घातलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी कंपनीत कुटुंबांना आत नेऊन दाखवायचा दिवस होता. बाकीची मुलं आइस्क्रीमच्या गाडीभोवती होती. मयूरी मोठ्या प्रेससमोर उभी राहिली. पत्र्याचा सपाट तुकडा आत जातो आणि एका दणक्यात दरवाजा होऊन बाहेर येतो, ते ती दहा-बारा वेळा बघत राहिली. मग तिनं आमच्या इंजिनिअर साहेबांना विचारलं, दणका बसल्यावर पत्रा परत थोडा मागं येत असेल ना, ते किती धरायचं कसं ठरवता? साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी आइस्क्रीमकडे बघायला लागलो. त्या दिवशी बसमध्ये मी सगळ्यांना तो प्रश्न ऐकवला. छाती फुगवून. आणि तीच पोर दोन वर्षांनी मेकॅनिकल म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "बाईमाणसाचं काम आहे का ते? माझे हात बघ. ग्रीस निघत नाही दिवाळीलासुद्धा."

ती म्हणाली, "पप्पा, ग्रीस साबणानं निघतं."

खरं कारण ग्रीस नव्हतं. ती गेल्यावर घरात मी आणि सुनीता, आणि मधे टीव्ही. मला भीती वाटत होती. हे आता लिहिताना सोपं वाटतं, पण तेव्हा मी स्वतःलासुद्धा ते सांगत नव्हतो. स्वतःला आणि सगळ्यांना मी एकच शब्द सांगत होतो, 'सेफ'. जवळचं कॉलेज पहिल्या नंबरला, कारण सेफ. घाटापलीकडचं दुसऱ्या नंबरला, म्हणजे पोरीचंही मन राहिलं. मयूरी यादीकडे बघून म्हणाली, "ठीक आहे, पप्पा." मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी संध्याकाळी जिलेबी आणली.

आता गेटची गोष्ट. आमच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत न्यायला बंदी आहे. नवीन गाड्यांचे भाग असतात, फोटो बाहेर जायला नको. म्हणून गेटच्या केबिनमध्ये भिंतभर लाकडी खण केलेत. शिफ्टला जाताना फोन खणात ठेवायचा, बिल्ला घ्यायचा, सुटताना परत. माझा खण सत्तेचाळीस. या खणांवर नजर ठेवतात बबनमामा. खेड तालुक्यातलेच, जवळच्याच वाडीतले. त्यांचं शेत होतं तिथं आता आमचं पार्किंग आहे, त्यामुळे ते स्वतःला वॉचमन समजतच नाहीत, मालक समजतात. साहेबांच्या गाडीलाही "थांबा वाईच" म्हणतात. दिवसभर भिंतीतून पन्नास फोन वाजत असतात आणि मामा खुर्चीत बसून ऐकत असतात. कुणाच्या बायकोचा फोन किती वेळा आला यावरून कुणाच्या घरी आज काय शिजणार, ते त्यांना बरोबर कळतं.

आणि मी, कर्ता पुरुष म्हणून, ॲडमिशनच्या फॉर्मवर नंबर दिला होता माझा. सुनीतानं तेव्हाच विचारलं होतं, "लेकराचा फॉर्म, लेकराचा नंबर टाकावं की. तुमचा कशाला टाकलालाव?" मी म्हटलं, "जबाबदारीचं काम आहे." त्याचा परिणाम असा की त्या साइटवर काहीही केलं की ओटीपीचे सहा आकडे यायचे सत्तेचाळीस नंबरच्या खणात. त्यांचं आयुष्य दहा मिनिटांचं. घरी मयूरी कॉम्प्युटरसमोर, चाकणला आकडे भिंतीत, आणि मी आत लाल पेटीपाशी. पहिल्याच आठवड्यात दोनदा असं झालं. मयूरीनं गेटच्या फोनवर मामांना विनवलं, नुसते आकडे वाचून दाखवा. मामा म्हणाले, "न्हाई ताई. ब्यांकेवाल्यांनी आमाला दोनदा गोळा करून सांगितलंय. आकडा कुनालाबी सांगायचा न्हाई. परत्यक्ष देव आला तरी न्हाई." तेव्हापासून साइटवरची कामं माझ्या सुट्टीच्या दिवशी व्हायला लागली. मला ते गैरसोयीचं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

शेवटचा दिवस आला. माझी पहिली शिफ्ट होती, साडेतीनला सुटणारी. फॉर्म संध्याकाळी पाचला बंद होणार होता. यादी साइटवर भरून ठेवलेली, फक्त पक्कं करायचं बटण दाबायचं बाकी. माझा हिशोब तयार होता. पावणेपाचला घरी, हातपाय धुऊन पाच मिनिटं, दहा मिनिटं राखून बटण. ताजा माल वर. मॅडमनी सांगून झालं तरी माझा सिद्धांत मोडला नव्हता. माणूस आपला सिद्धांत असा एका बाईच्या सांगण्यावरून सोडत नसतो.

एकच्या सुमाराला लाइनवरचा फोन वाजला. लाइन लीडर ओरडला, "सूर्यवंशी, गेटवर बोलावलंय. घरून फोन."

कंपनीत गेटवरून बोलावणं येतं ते दोनच कारणांनी. गावाकडे कुणी तरी गेलं, नाही तर जायच्या बेतात आहे. सगळ्या लाइननं माझ्याकडे बघितलं. गायकवाडनं हातमोजे काढून माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या जागी एकाला उभं केलं आणि मी पळत सुटलो. सेफ्टी शूज घालून पळणं म्हणजे दोन पायांना दोन विटा बांधून पळणं. वाटेत मी आईला, सासऱ्यांना आणि एका चुलत्याला मनातल्या मनात पोचवून आलो.

केबिनमध्ये बबनमामा गेटचा फोन हातात धरून उभे. "घाबरू नगासा. पोरीचा फोन हाय. तुमच्या खणात आकडा आलाय, ती म्हनती मला सांगा. म्या म्हनलं, तुझ्या बापाला बोलावतो. ती नगं नगं म्हनत व्हती. म्या म्हनलं, व्हय, तसं न्हाई चालायचं."

नगं नगं का म्हणत होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. कुणी मेलं नाही याच आनंदात मी फोन कानाला लावला. "काय गं मयू? मी घरी आल्यावर दाबायचं ठरलंय ना बटण?"

"पप्पा, आत्ताच दाबायचंय. तो ओटीपी संपला, मी नवीन पाठवते. तेवढा वाचा."

"घाई काय आहे? चार तास आहेत."

पलीकडे मिक्सर चालू होता तो बंद झाल्याचं ऐकू आलं, म्हणजे सुनीताही जवळच होती. मग मयूरी म्हणाली, "पप्पा, मी क्रम बदललाय. घाटापलीकडचं पहिलं केलंय. आपलं जवळचं दुसरं."

तेवढ्यात खणात माझा फोन थरथरला. मामांनी तो काढून माझ्या हातात दिला. पडद्यावर सहा आकडे. एका कानाला गेटचा फोन, दुसऱ्या हातात माझा फोन.

"घरी येतो, मग बोलू," मी म्हटलं.

"पावणेपाचला येणार तुम्ही. पंधरा मिनिटांत मला समजावणार. आणि मला पटणार."

बाहेर एका ट्रकचा ड्रायव्हर गेटपाससाठी काच वाजवत होता. मामा त्याच्यावर खेकसले, "थांब की रं! हितं ॲडमिशन चाललंय!" ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तोही खिडकीतून डोकं आत घालून ऐकायला लागला. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आठ मिन्टं ऱ्हायली."

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मेसचं जेवण म्हणालो. रस्त्यावरचे अपघात म्हणालो. मुलींना मेकॅनिकलमध्ये कुणी नोकरी देत नाही म्हणालो, आणि आमच्या लाइनवर गेल्याच महिन्यात एक मुलगी इंजिनिअर म्हणून लागली होती हे माहीत असूनही म्हणालो. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "पप्पा, नाही मिळालं तर जवळचं आहेच की. दुसऱ्या नंबरला. काहीच जात नाही."

"मला माहितीय नियम," मी ओरडलो.

"हो," ती म्हणाली. "मलाही."

तेव्हा मला कळलं की तिला पानाचंसुद्धा माहीत आहे. ती एवढंच बोलली. चिडली असती तर मीही चिडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं.

"चार मिन्टं," मामा म्हणाले.

मी चष्मा वर केला आणि वाचायला लागलो. "चार." ती म्हणाली, "चार." "शून्य." "शून्य." "नऊ. नऊ. दोन." ती माझ्यामागून प्रत्येक आकडा म्हणत होती, आणि पाढे पाठ करताना माझ्या मांडीवर बसायची तेव्हाही अशीच म्हणायची. पाच झाले. सहावा माझ्यासमोर होता, स्वच्छ, ठळक. मला तो वाचता येईना. न सांगता नुसतं उभं राहिलं की झालं, चार मिनिटं जातील, आकडा मरेल, आणि मग मी घरी जाऊन समजावीन. पोरगी ऐकेल. ती नेहमी ऐकते.

"पप्पा," ती म्हणाली, "एक राहिला."

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बोलो ना, भाऊ."

"सात," मी म्हटलं.

पलीकडे बटणाचा आवाज आला. "झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी तिनं एवढा मोठा श्वास सोडला की तो चाकणपर्यंत आला. मी फोन परत खणात ठेवला. मामांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "सांगितलंसा न्हवं? मंग रडतायसा कशाला?" मी म्हटलं, धूळ आहे. मामा म्हणाले, "व्हय, लई धूळ हाय हितं," आणि ड्रायव्हरचा गेटपास लिहायला बसले. लाइनवर परत गेलो तर सगळे उभे. गायकवाडनं हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कुणी नाही."

गेलीच ती. पहिल्याच यादीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं. काठावरून, पण लागलं. कदमवहिनींनी पेढे आणले आणि म्हणाल्या, "बघा, शेवटच्या दिवशी भरला म्हणूनच लागला." त्यांच्या मुलालाही हवं ते मिळालं होतं, पहिल्या दिवशी भरून. दोन्ही सिद्धांत खरे ठरल्यामुळे कॉलनीत आता दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांचे लोक सल्ल्याला माझ्याकडे येतात.

ऑगस्टमध्ये एसटीनं आम्ही तिला पोचवायला गेलो. सुनीतानं शेंगदाण्याच्या चटणीचा एवढा मोठा डबा भरला होता की कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायचं का असा विचार केला. घाट चढताना मयूरी खिडकीतून सारखी बाहेर बघत होती आणि मी सारखा तिच्याकडे. हॉस्टेलच्या अंगणात पोरींची, गाद्यांची आणि बादल्यांची जत्रा भरलेली. प्रत्येक बाप एक बादली हातात धरून हरवल्यासारखा उभा होता. मीही एक धरली.

दोन महिने मी एक प्रश्न पोटात ठेवला होता. तिथं तो बाहेर आला. म्हटलं, "मयू, तुला हे हवं होतं तर सरळ मला विचारलं का नाहीस? त्या मामांकडून आकडा काढायला निघालीस."

ती गादीची दोरी घट्ट करत होती. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग? म्हणालो असतो नाही. मग पुढे काय?"

"मग मी ऐकलं असतं, पप्पा," ती म्हणाली.

सुनीता हॉस्टेलच्या मॅडमना खोलीतला पंखा चालतो का ते विचारत होती. मी बादली खाली ठेवली, मयूरीच्या हातातली गादी घेतली आणि जिना चढायला लागलो. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तेवढे जिने चढून होईपर्यंत तरी मला काही बोलावं लागणार नव्हतं.